बिस्किटाच्या डब्याचं झाकण

अण्णा, तुम्हाला लिहायला बसले की आधी शुद्धलेखनाची भीती वाटते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती गेलेली नाही. सहावीत असताना सुट्टीत मी मामाकडून तुम्हाला पत्र पाठवलं होतं, आठवतं का? तुम्ही ते लाल पेनाने तपासून, पाकिटात घालून, मामाच्या पत्त्यावर परत पाठवलंत. सोबत खुशालीचा एक शब्द नव्हता. मामी हसून हसून बेजार झाली आणि मी मागच्या पडवीत जाऊन रडले. आज हे पत्र कोणी तपासणार नाही, म्हणून जरा सैल हाताने लिहिते आहे. चुका सापडल्या तर असू द्यात.

मला आमच्या त्या प्रकल्पाबद्दल लिहायचं आहे. तुम्ही त्याला 'तुमचं ते यंत्र' म्हणायचात, आणि ते यंत्र नाही, सॉफ्टवेअर आहे, हे मी तुम्हाला दर वेळी सांगायची. दोन हजार सतरा-अठराचं ते वर्ष, माझ्या डिप्लोमाचं शेवटचं. आम्ही तिघं होतो. एक नरपडची, एक सरावलीचा आणि मी डहाणूची. शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटरवर चित्रकथा करता याव्यात असं काहीतरी बनवायचं आम्ही ठरवलं होतं. मुलांनी चौकट निवडायची, मागचं दृश्य निवडायचं, त्यात माणसं, जनावरं, झाडं उचलून ठेवायची आणि त्यांच्या तोंडाशी फुगा लावून त्यात बोलणं लिहायचं. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही गोष्ट सांगता यावी, एवढीच कल्पना. नरपडची सगळी चित्रं हाताने काढायची. तिचं घर मासेमारीचं, त्यामुळे आमच्या चित्रांत होड्या आणि वाळत घातलेले बोंबील जरा जास्तच झाले होते. सरावलीचा चौकटी आणि माणसं हलवण्याचा भाग लिहायचा. माझ्याकडे फुगे होते. म्हणजे मराठी अक्षरं. ती तेव्हा फार छळायची. जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटायची, आणि मी संध्याकाळपर्यंत एका 'र्‍या'च्या मागे लागलेली असायची.

अक्षरं एकदाची जागेवर बसली, तेव्हा मला आणखी एक गोष्ट सुचली. कोणी सांगितली नव्हती, कोणी मागितली नव्हती. पाठ्यपुस्तकांतले सगळे शब्द मी एका यादीत भरले. फुग्यात लिहिलेला शब्द त्या यादीत नसला की फुग्याची कड लाल व्हायची आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक गुरुजी उगवायचे. चष्मा, मागे वळवलेले केस, वर केलेलं बोट. 'शुद्ध लिहा' एवढंच ते म्हणायचे. नरपडचीला मी तुमचा फोटो नेऊन दिला होता. ती काढता काढता म्हणाली, "कशाला पायजे गं हे? पोरं मजा करायला बसणार की पेपर द्यायला?" मी म्हटलं, "मराठीत करायचं तर नीट मराठीत करायचं." हे वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. पण मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की कोणाचं ते विसरून गेले होते.

घरी तुम्हाला दाखवलं तो रविवार मला अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही चष्मा काढता, पुसता, परत लावता. कोपऱ्यातल्या स्वतःकडे वाकून बघता. मग म्हणता, "एखादा चुकीचा शब्द लिही पाहू." मी लिहिते. तुम्ही उगवता. "अजून एक." मग तुम्हीच खुर्ची पुढे ओढता आणि एका बोटाने, मुद्दाम, चुकीचा शब्द लिहिता. तुम्हाला चुकीचं लिहिताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तुम्ही खुदकन हसलात आणि आईला हाक मारून, तुमच्या दोघांच्या त्या बोलीत, म्हणालात की बघ, मी आता मेलो तरी पोरांच्या मानगुटीवर बसणार. आई पिठाचे हात घेऊन आली आणि म्हणाली, "मेल्यावं तरी पोरांना सोडा." आपण तिघंही हसलो होतो.

ती तुमच्या दोघांची बोली. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. आईशी तुम्ही कायम किनाऱ्यावरचं, आपल्या आळीतलं बोलायचात. सैल, गोड, अर्धे शब्द गिळलेलं. आणि माझ्याकडे वळलात की कोणी बटण दाबल्यासारखे पुस्तकात शिरायचात. मी तुमच्या दोघांसारखं बोलायला गेले की तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. मी नीट बोलेपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे करायचा नाहीत. डी.एड.ला असताना पहिल्याच पाठाला तुमच्या बोलण्यावर सगळा वर्ग हसला होता, हे तुम्ही एकदाच, चुकून सांगितलंत. तेव्हापासून मला तुमचा राग येईनासा झाला होता. पण आईशी मी बोलायला लागले की ती म्हणायची, "बाय, बातम्या नको सांगू, सरळ सांग." मी सरळच सांगत असायची. मला दुसरं सरळ येतच नव्हतं.

तुमच्या झरीच्या शाळेत मुलांसमोर ते वापरून बघायचं, हे तुम्हीच ठरवलंत. परवानगी काढलीत, वीज जाणार नाही ना म्हणून वायरमनला निरोप दिलात, आणि आम्ही तिघं लॅपटॉप मांडीवर सांभाळत एसटीने आलो. सहावी-सातवीची मुलं वर्गात आधीच मांडी घालून बसली होती. तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसलात. मुलं पहिली दहा-पंधरा मिनिटं बावरलेली होती, मग एकाने होडीत म्हैस बसवली आणि सगळा वर्ग सुटला. होडीत म्हैस, म्हशीवर गुरव, झाडावर एसटी. मला फार आनंद झाला. मग सरावलीचा म्हणाला, "आता डायलॉग टाका, बिनधास्त टाका." मुलं लिहायला लागली आणि एकामागून एक सगळे फुगे लाल झाले. ती मुलं घरी जे बोलतात तेच लिहीत होती, आणि त्यातलं काहीही माझ्या यादीत नव्हतं. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात तुम्ही उगवलात, बोट वर करून. मुलांनी पडद्याकडे बघितलं, मग दाराकडे, खुर्चीतल्या तुमच्याकडे. तुम्ही कौतुकाने हसत होतात.

पुढे बसलेली एक मुलगी होती, सातवीतली, दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. तिने मला खुणेने खाली वाकायला लावलं आणि कानाशी विचारलं, "ताई, यातपण झाकण हाय?"

मला कळलं नाही. तिने मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी फळ्याच्या बाजूचा खिळा दाखवला. तिथे सुतळीला बांधलेलं एक पत्र्याचं झाकण लटकत होतं. गोल, निळं, त्यावर फुलांचं नक्षीकाम. मी ते लगेच ओळखलं. आपल्या घरातल्या बिस्किटाच्या डब्याचं ते. आईने ते घरभर शोधलं होतं, आणि नाही सापडलं म्हणून पुढे कायम त्या डब्यावर ताटली झाकायची. तुम्ही तिच्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवत होतात आणि झाकण कुठे गेलं ते सांगत नव्हतात.

मधल्या सुट्टीत तुम्ही शाळेच्या मागे गेलात तेव्हा त्या मुलीने मला सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, खेळाचे नियम सांगावेत तसं. शाळेत जो घरचं बोलेल त्याच्या गळ्यात झाकण. त्याने ते काढायचं नाही. दुसरा कोणी घरचं बोलताना सापडला, तर त्याच्या गळ्यात घालून आपण मोकळं व्हायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात राहील त्याने संडासात पाणी भरायचं. "मग काय करता तुम्ही?" मी विचारलं. ती म्हणाली, "गप बसतो. नायतर दुसऱ्याला बोलायला लावतो." आणि हसली. तिला त्यात वाईट असं काही वाटत नसावं, किंवा वाटायचं थांबलं असावं. तिची धाकटी बहीण चौथीत होती. तिला मुद्दाम चिमटा काढून 'आई गं' म्हणायला लावायची, असं तिने मला सांगितलं. घरच्या भाषेत ते वेगळं म्हणतात ना. तिने ते म्हणूनही दाखवलं, आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

तुम्ही कोणाला मारत नव्हतात, मला माहीत आहे. ह्याच मुलांना तापात मोटारसायकलवर पुढे बसवून तुम्ही तलासरीला दवाखान्यात नेलंय, वह्या नाहीत म्हणून पगारातून वह्या आणल्यात. म्हणूनच कोणाच्या बाजूने व्हावं ते मला कळेना. छडी मारणारा बाप असता तर सोपं होतं, मी सरळ तुमच्या विरुद्ध झाले असते. आणि दुसरं म्हणजे, लॅपटॉपच्या पडद्यावर ते झाकण मीच तर टांगलं होतं. तुम्हाला पत्रा आणि सुतळी लागली, मला तेवढंही लागलं नाही.

दुपारी मुलं परत बसली. एक मुलगा सरावलीच्याला म्हणाला, "सर, हा कोपऱ्यातला गुरुजी उचलता नाय येत का?" सरावलीचा भला माणूस, त्याला कशातच काही वावगं दिसत नाही. त्याने तिथल्या तिथे बसून तुम्हाला कोपऱ्यातून काढलं आणि माणसांच्या चित्रांत नेऊन ठेवलं, गुरव आणि शेतकऱ्याच्या मधे. आता कोणीही तुम्हाला उचलून कुठेही ठेवू शकत होतं. आणि त्या रिबिनवालीने आणि तिच्या मैत्रिणींनी ती गोष्ट केली.

पहिल्या चौकटीत वर्ग, आणि एका मुलीच्या गळ्यात झाकण. झाकण म्हणून त्यांनी पौर्णिमेचा चंद्र वापरला होता, बारीक करून. दुसऱ्या चौकटीत ते एका मुलाच्या गळ्यात, तिसरीत म्हशीच्या, कारण म्हैसही घरचंच बोलते. मग चौथ्या चौकटीत शाळेच्या मागचं झाड, आणि झाडाखाली तुम्ही, कानाला मोबाईल लावून. तुमच्या फुग्यात लिहिलं होतं, 'काय रांधलास? बोंबील हायत ना?' अण्णा, ते तुम्ही होतात. अगदी तुम्हीच. रेंज मिळते म्हणून रोज मधल्या सुट्टीत तुम्ही त्या झाडाखाली जाऊन आईला फोन करायचात, आणि सगळी शाळा खिडकीशी कान लावून गुरुजींचं घरचं बोलणं ऐकायची. शेवटच्या चौकटीत मुलांनी तुम्हाला घेरलेलं. चंद्र तुमच्या गळ्यात. मुलांच्या फुग्यात त्यांच्या भाषेत लिहिलेलं, त्याचा अर्थ, गुरुजी, आता झाकण तुमचं.

सगळे फुगे लालभडक होते. मी हसले. आधी मीच हसले, मग नरपडची, मग सरावलीचा. हसता हसता मला तुमची इतकी लाज वाटली की मी लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला.

परतीच्या एसटीत सरावलीचा थांबायला तयार नव्हता. "यार, हीच बेस्ट आहे. परीक्षेला हीच दाखवू. बाकी सगळ्या बोअर, ह्यात स्टोरी आहे." नरपडची खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "आधी त्या लाल रेघांचं काय ते बघ. आणि तुझ्या अण्णांना विचार." मी म्हटलं, विचारते.

विचारलं ते असं. जेवताना, आई आत भाताला गेली असताना, मी म्हटलं, "अण्णा, त्या झाकणाची गरज आहे का?" तुम्ही चमकला नाहीत. तुम्ही मला समजावून सांगितलंत, वर्गात सांगायचात तसं. "तलासरीच्या बाजारात काय बोलतात? कचेरीत? दवाखान्यात? ही मुलं उद्या दाखला मागायला जातील, तेव्हा यांनी तोंड उघडताच खिडकीतला माणूस हसेल. मी हसलेलं बघितलंय. मी कोणाला हात लावत नाही, फक्त सवय लावतो." मी म्हटलं, "पण मुलं एकमेकांवर पाळत ठेवतात." तुम्ही म्हणालात, "म्हणजे लक्ष देतात." आई भात घेऊन आली आणि तुम्ही तिच्याकडे वळून, त्या सैल गोड बोलीत, भात थोडा कमी वाढ म्हणालात. चित्रकथेचं मी नावही काढलं नाही.

मग तुमचा निरोप समारंभ आला. निवृत्तीचा महिना. शाळेच्या पटांगणात मांडव, गावातले सगळे आईबाप, केंद्रप्रमुख, सरपंच. तुम्हाला शाल आणि नारळ. आणि तुमचा हट्ट, की भाषणं पुरे, मुलांनी आमच्या 'यंत्रा'वर काय केलं ते सगळ्यांना दिसू दे. वर्गाच्या आत पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला, दारं-खिडक्या लावून अंधार केला, आणि माणसं दाटीवाटीने बसली. मी लॅपटॉपवर होते. ती गोष्ट मी आधीच बाजूला काढून ठेवली होती. होडीतल्या म्हशीवर लोक हसले, पावसात वाहून गेलेल्या छत्रीवर हसले. शेवटची झाल्यावर मी दिवा लावायला सांगणार, तेवढ्यात रिबिनवाली उभी राहून म्हणाली, "आमची राहिली."

मी म्हटलं, "वेळ झालाय गं." तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "दाखव. कोणाचंही काम राहता कामा नये."

मी दाखवली. चादरीवर तुम्ही माझ्याही उंचीचे झालात. चंद्र गळ्यातून गळ्यात फिरला तसं मागच्या बाजूने हसू सुरू झालं. आईबापांचं होतं ते, तोंडावर पदर आणि टॉवेल धरून. म्हशीला ते मोकळे झाले. झाडाखालच्या चौकटीला, तुमच्या त्या बोंबलांना, सबंध खोली हसली. केंद्रप्रमुखसुद्धा हसले. मग शेवटची चौकट आली आणि हसू हळूहळू बंद पडलं. कारण सगळे तुमच्याकडे बघत होते. मांडीवर नारळ घेऊन तुम्ही चादरीकडे बघत होतात. मी मनात म्हणत होते, अण्णा, हसा. नुसते हसा, सगळं निभावेल. किंवा चिडा. काहीही करा.

तुम्ही उठलात. नारळ खुर्चीवर ठेवलात, चादरीजवळ गेलात आणि बोट लावलंत. "गोष्ट उत्तम आहे," तुम्ही म्हणालात. "दोन ठिकाणी अशुद्ध आहे." आणि माझ्याकडे वळलात. "लिही. आज स्वयंपाकात काय केले आहेस? प्रश्नचिन्ह. बोंबील आहेत का? प्रश्नचिन्ह."

मी लिहिलं. अण्णा, मी खरंच लिहिलं. माझ्या बोटांनी मला विचारलंसुद्धा नाही. वाक्य लांब झाल्यामुळे फुग्यात अक्षरं बारीक बारीक होत गेली, पण कड पांढरी झाली. मग तुम्ही शेवटच्या फुग्यावर आलात. "गुरुजी, आता हे झाकण आपण आपल्या गळ्यात घालावे. पूर्णविराम." तेही मी लिहिलं. सगळा लाल रंग गेला. तुम्ही त्या मुलीला म्हणालात, "वाच बाळ." तिने मोठ्याने, एकदाही न अडखळता वाचून दाखवलं. तिचं मराठी चांगलंच होतं. तुम्ही 'छान' म्हणालात. केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, याला म्हणतात हाडाचा शिक्षक, शेवटच्या दिवसापर्यंत. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ती मुलगी तुमच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी लॅपटॉपच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

त्या वेळी मला लाज वाटली नाही, हे मला लिहून टाकलं पाहिजे. मला हायसं वाटलं. तुम्हाला गोष्ट कळलीच नाही, तुम्हाला लागलं नाही, असं मला वाटलं. बाप मठ्ठ निघाला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. आमच्या प्रकल्पाला पुढे मार्क चांगले मिळाले. नरपडचीने परीक्षेआधी तो लाल कडांचा भाग काढायला लावला. डिप्लोमानंतर आम्ही फारशा भेटलो नाही. ती गोष्ट मात्र दुरुस्त केलेलीच राहिली. मुलींनी लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे ठेवलं नव्हतं.

तुम्हाला सगळं कळलं होतं. ते मला त्या दिवशी घरी आल्यावर कळायला हवं होतं. तुम्ही शाल खुंटीला लावलीत, हातपाय धुतलेत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला म्हणालात, "आज जेवायला काय केले आहेस?" आई हसली. तिला वाटलं, भाषणं ऐकून आलेत, थट्टा करताहेत. तिने तुमच्या बोलीत उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात, "बरे. थोडेसेच वाढ." दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने तेच. आई शेजारणीला सांगायची, "रिटायर झाले न् सायेब झाले." मग तिने थट्टा सोडली. मग ती विचारायला लागली, "बोला ना नीट. असं काय परक्यागत?" तुम्ही म्हणायचात, "नीटच बोलतो आहे." त्यात राग नव्हता. तुम्ही तिच्याशी कधी नव्हे इतके सभ्य झाला होतात. भाजी चिरून द्यायचात, तिची औषधं आणायचात. फक्त ते बोलणं गेलं. तुम्ही मुलांपुढे घरचं बोलताना सापडला होतात, आणि सापडल्यावर काय करायचं ते तुमच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. तुम्हीच शिकवलं होतं. झाकण फेकून द्यावं हे तुम्हाला सुचलं नाही. तुम्हाला एवढंच सुचलं की पुन्हा सापडायचं नाही.

त्या हिवाळ्यात आपल्याकडे जमीन हादरायला लागली. एका दुपारी मांडणीवरची भांडी खणखणली, भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं, आणि मी अनवाणी अंगणात पळाले. आई आत अडकली होती, तिचे गुडघे. आळीतला जो तो आपापल्या माणसाला हाका मारत होता, कोण मराठीत, कोण गुजरातीत, कोण काय. तुम्ही दारात उभे राहून ओरडत होतात, "लवकर बाहेर ये. धरणीकंप होत आहे." आई भिंतीला धरून बाहेर आली. तुमचा हात तिने धरला, पण तुमच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही वापीच्या दवाखान्यात होतात. शेवटचे दिवस. नर्सशी तुम्ही गुजरातीत बोलायचात, चांगले मोकळेपणाने, तिच्या गावाचं नाव विचारून, तिची चेष्टा करून. आई वाकून तुमच्या कानाशी तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहायची, लग्नानंतरच्या कुठल्या तरी आठवणी असाव्यात. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते. मला वाटत होतं आता तरी. नाकात नळी आहे, ताप आहे, आता माणूस कसला भानावर असतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि आईला म्हणालात, "मला पाणी हवे आहे." आईने चमच्याने पाणी घातलं. नंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

मला तुमची लाज वाटते, अण्णा. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण वाटते. डी.एड.च्या वर्गात कोणी तरी हसलं, त्याचं तुम्ही झरीच्या पोरांकडून वसूल केलंत आणि शेवटी आईकडून. माझीही वाटते, तुमच्यापेक्षा जास्त. भर खोलीत तुम्ही अडकला होतात आणि मी तुमची मुलगी तिथे बसून होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं की अण्णा, असू द्या ना, बोंबील बोंबीलच आहेत. तुम्ही रागावला असतात. आठ दिवस माझ्याशी बोलला नसतात. पण आईशी बोलत राहिला असतात.

परवा तुमचं श्राद्ध झालं. पंगत उठल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "बाय, शेवटी शेवटी माझ्याशी असे का बोलायचे गं ते? माझं काय चुकलं व्हतं?" इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. निरोपाच्या दिवशी तिचे गुडघे धरले होते, ती झरीला आलीच नव्हती. तिला ती गोष्ट कोणी सांगितलेली नाही. मी म्हटलं, "वयाने होतं आई, असं. डॉक्टर म्हणाले होते." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तिने मान डोलावली, आणि मग म्हणाली की तिने एकदा तुम्हाला न विचारता माहेरी पैसे दिले होते, त्याचंच तुमच्या मनात राहिलं असेल.

मी नाही म्हणाले नाही. हे पत्र खरं तर तिला वाचून दाखवायला हवं. मी दाखवणार नाही.